दोन्ही हातांनी घेतलेली जुडी

मोगादिशू, ९ जानेवारी

प्रिय कारांबू,

तुझं पोतं काल दुपारी पोचलं. बाजारातल्या दहाबोने पाला विकायला मांडण्याआधी चिठ्ठी काढून ठेवली होती. मला म्हणते कशी, "घ्या साहेब. अख्ख्या बाजाराला मी चघळायला मिराचा पाला पोचवते आणि तुम्हाला बायको पोचवते." मी म्हटलं, बायको कुठे पोचवतेस बाई, नुसतं तिचं अक्षर पोचवतेस. ती खो खो हसली. मला नाही हसू आलं.

फोन का करत नाही म्हणून रागावतेस. अगं, आमच्या वकिलातीच्या फोनला आमचे दोन आणि त्यांचा एक असे तीन कान चिकटलेले असतात. त्यावर 'जेवलीस का, जेवले' यापलीकडे काय बोलणार? चिठ्ठी बरी. तिकडे मौआत पहाटे पाला खुडतात, केळीच्या पानात बांधतात, गाड्या नैरोबीच्या विमानाकडे धावत सुटतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुझं अक्षर माझ्या हातात. वर त्याला आपल्या शेताचा वास. सरकारी टपालाला हे जन्मात जमणार नाही.

आता कामाचं लिहितो. हे कुणाजवळ बोलू नकोस. उत्तरेतले हर्गेसावाले स्वतःला वेगळा देश म्हणवतात आणि मोगादिशूवाले म्हणतात, तो आमचाच तुकडा. हे जुनंच. पण हल्ली इथिओपियाने हर्गेसाला भलताच लळा लावला आहे. रस्ता करून देतो म्हणतात, बंदरातून माल नेतात, दर महिन्याला कुणी ना कुणी साहेब तिथे जाऊन जेवून येतो. नैरोबीला, म्हणजे आपल्या सरकारला, घाई झाली आहे. आपणही तिथे कचेरी उघडावी, नाहीतर ते बंदर, आपल्या चहाचं तिथलं गिऱ्हाईक, सगळं शेजारी घेऊन जाईल. पण आपण हर्गेसाला पाय ठेवला की मोगादिशू भडकणार. आणि मोगादिशूच्या हातात काय आहे? आपला पाला. त्यांनी विमानं उतरू दिली नाहीत तर मौआची काय गत होईल, हे मला कुणी सांगायला नको.

तर नैरोबीने मला एकच प्रश्न विचारला आहे. मोगादिशू पाला अडवेल की नाही? एवढ्याचं लेखी उत्तर. एका पारड्यात बंदर, दुसऱ्यात तुझी झाडं, आणि तराजू माझ्या हातात दिलाय. काय लिहू?

एक मात्र कबूल झालं आहे. हे टिपण नीट पार पडलं तर एप्रिलमध्ये माझी बदली नैरोबीला. मग दर शुक्रवारी बस धरायची आणि तुझ्याकडे. नऊ वर्षं परदेशी काढली, आता पुरे. इथे रात्रीच्या जेवणात शेवयांवर केळं ठेवून देतात. मी ते केळं उचलून बाजूला ठेवतो आणि तुझी आठवण काढतो. हसू नकोस.

तुझा
मुतेथिया


मौआ, १७ जानेवारी

न्कीरोतेच्या बाबांना सप्रेम,

तुमची चिठ्ठी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला घेतली आणि चुलीवरची मका-घेवड्याची गिथेरी करपली. तेव्हा आता रागातच लिहायला बसले आहे.

लेक कालच एंबूहून येऊन गेली. दवाखान्यात तिला रात्रपाळी लागली आहे. 'बाबा कधी येणार' म्हणाली. मी म्हटलं, एप्रिलमध्ये. ती म्हणाली, कुठल्या सालच्या? तुमचीच पोर ती, जीभ मात्र माझी.

तुमचे रबरी बूट मी दाराशी ठेवते, खुडायला येणाऱ्या गड्यांना वाटावं की घरात पुरुषमाणूस आहे. परवा बघते तर उजव्या बुटात कोंबडीने अंडं घातलेलं. आता मला सांगा, या घरात तुमची किती जरब उरली आहे!

बरं, तुमचा प्रश्न. एवढा कसला घोळ घालताय हो? माणसाच्या मनात काय आहे ते कळत नसेल तर त्याला आपल्या रीतीने विचारायचं. माझ्या बापाला कसं विचारलंत? थोरल्या दिरांना घेऊन आलात, न्चोलो, मिराची मानाची जुडी, पुढे ठेवलात, आणि बापाने ती जुडी सबंध सकाळ तिथल्या तिथे पडू दिली. तुम्हाला घाम फुटला होता, मी भिंतीआडून बघत होते. मग त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि झालं. पुढे तुम्ही मला इथे टाकून देश देश फिरलात तरी बापाने एकदा तरी म्हटलं का, की माझी मुलगी परत द्या? जुडी हातात घेतली म्हणजे शब्द दिला. सोयरीक असो, बांधाचं भांडण असो, आपल्याकडे आजवर कुणी फिरलेलं नाही.

मग त्या मोगादिशूच्या साहेबाला न्चोलो द्या की! घेतला तर पाला अडणार नाही. नाही घेतला तर तसं लिहा नैरोबीला. मी न्चुरुबीकाकांना सांगते. आजोबांच्या वेळच्या झाडांचे कोंब खुडून ते स्वतः बांधतील, तसल्या कामाला दुसऱ्याचा हात लावू देत नाहीत. शुक्रवारच्या पोत्यात येईल. त्याच दिवशी नेऊन द्या, शिळा करू नका.

आणि लवकर या. पलंगाची तुमची बाजू इतकी वर्षं गार असते की मी तिकडे वळतसुद्धा नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

तुमची
कारांबू


मोगादिशू, २ फेब्रुवारी

प्रिय कारांबू,

घेतली! दोन्ही हातांनी घेतली!

थांब, पहिल्यापासून सांगतो. इथे व्यापार खात्यात हिर्सी नावाचे वयस्क गृहस्थ आहेत. दाढीला मेंदी, बोलणं मऊ, आणि मंत्री कुणीही असला तरी पाल्याचा हुकूम यांच्याच टेबलावरून निघतो. मी काकांची जुडी घेऊन गेलो. काय बांधली होती गं! पान जराही चुरगळलेलं नाही. मी ती दोन्ही हातांत धरून पुढे केली आणि म्हटलं, "हे आमच्या वडीलधाऱ्यांकडून. आमची मागणी एवढीच, की आमचं सरकार उद्या उत्तरेशी काहीही बोललं तरी आमचा पाला तुमच्या दारात अडू नये."  ते खुर्चीतून उठून उभे राहिले, साठीचा माणूस, माझ्यासाठी उभा राहिला, आणि दोन्ही हातांनी जुडी घेतली. म्हणाले, "देव तुमच्या वडीलधाऱ्यांना उदंड आयुष्य देवो." ड्रायव्हरला बोलावून ती गाडीत ठेवायला दिली. घरी नेऊन उघडणार असतील. आपल्यातही असली जुडी कुणी कचेरीत उघडत नाही.

बाहेर आलो आणि भलत्याच वाटेने चालत सुटलो. तुझ्या अंगणात झालं होतं तसंच.

त्याच दुपारी टिपण लिहिलं. 'मोगादिशू पाला अडवणार नाही. तसा शब्द मिळाला आहे. कचेरी उघडायला हरकत नाही.' नैरोबीहून मोठ्या साहेबांनी विचारलं, शब्द लेखी आहे का? मी कळवलं, लेखीपेक्षा पक्का आहे. दहाबोलाही ही हकिकत सांगितली. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

कारांबू, मी घरी येतोय. आता तारीखच काय ती ठरायची राहिली आहे. बुटातली कोंबडी हुसकून लाव.

तुझा
मुतेथिया


मौआ, १० फेब्रुवारी

न्कीरोतेच्या बाबांना सप्रेम,

चिठ्ठी हातात घेऊन मी रडले. गाडीवाला घाबरला, म्हणाला, "बाई, कुणी गेलं का?" मी म्हटलं, अरे मेल्या, कुणी येतंय!

घराला रंग द्यायला घेतला आहे. तुम्हाला आवडतो तो निळा मिळाला नाही, हिरवट मिळाला. आल्यावर नाक मुरडू नका. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं, आज कारांबू एवढी तारस्वरात का गातेय? सगळ्या बाया माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले, लाज कसली?

पाला बांधायच्या छपरीत सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता, कुठून तरी कुजबुज आली होती की विमानं बंद होणार. मी फार काही बोलले नाही. तुमच्या चिठ्ठीतल्या दोन ओळी वाचून दाखवल्या, बस्स. लोकांच्या तोंडावर केवढं समाधान दिसलं म्हणून सांगू! चांगलं झालं ते चांगलं म्हणायला नको का? तुम्ही रागावू नका.

काका विचारत होते, त्या साहेबाने जुडी सोडली तेव्हा पहिला कोंब कुणाला दिला? मी म्हटलं, आल्यावर तेच सांगतील.

आता पत्र लहान लिहा आणि स्वतः लवकर या.

तुमची
कारांबू


मौआ, २१ मार्च

न्कीरोतेच्या बाबांना,

पाच दिवसांपूर्वी हर्गेसाला आपली कचेरी उघडली म्हणून रेडिओवर सांगितलं. काल सकाळी गाड्या गेल्या, त्या संध्याकाळी भरल्याच्या भरल्या परत आल्या. विमानच निघालं नाही. पोती छपरीत उतरवली तेव्हा पाला अजून ओला होता. आज काळा पडला आहे.

त्यांच्याबरोबर तुम्हाला धाडलेलं पत्र माझ्याच पोत्यातून तसंच परत आलं.

हे कुणाच्या हाती पाठवू ते माहीत नाही. तुम्ही बरे आहात ना? साहेबाने शब्द दिला होता ना? लोक मला विचारतात आणि मी म्हणते, काहीतरी गैरसमज असेल, एक-दोन दिवसांत सुटेल. एक ओळ तरी लिहा.

कारांबू


नैरोबी, ८ एप्रिल

प्रिय कारांबू,

तुझी २१ तारखेची चिठ्ठी खात्याच्या थैलीतून फिरत फिरत काल हातात पडली. मी दहा दिवस झाले नैरोबीत आहे. मोगादिशूने आम्हाला आठवडाभरात देश सोडायला सांगितलं, वकिलातीला कुलूप लागलं.

मौआची बस इथून सकाळी सातला सुटते. मी दोनदा तिकीट काढून थांब्यावर उभा राहिलो आणि दोनदा परत आलो. फोनही केला होता. तू दोनदा 'हॅलो' म्हणालीस आणि मी ठेवून दिला. वकिलातीच्या फोनला निदान तीन कानांचा बहाणा होता. इथे कसला बहाणा करू?

शब्द मिळालाच नव्हता, कारांबू.

निघायच्या आदल्या दिवशी दहाबोकडे गेलो. तिचं दुकान रिकामं, गोणपाट झटकत बसली होती. म्हणाली, "साहेब, मी त्याच दिवशी सांगणार होते. हिर्सींनी जन्मात पाला तोंडात घातलेला नाही. तुमची जुडी त्यांच्या ड्रायव्हरने चघळली, मला येऊन सांगितलं, काय माल होता म्हणून. अहो, पाहुण्याने दोन्ही हातांनी काही पुढे केलं तर आपणही दोन्ही हातांनी घ्यायचं. नाही घेतलं तर पाहुण्याचं तोंड पडतं. त्यात होकार कुठून आला?"

मला पटेना. मी तसाच हिर्सींकडे गेलो. माझ्यासाठी दार उघडलं, चहा मागवला. मी म्हटलं, तुम्ही माझी भेट घेतली होती. ते म्हणाले, "घेतली होती. तुमची मागणीही ऐकली होती. उत्तर तुम्ही विचारलंच नाही." रागाने नाही गं म्हणाले. तेच मला झोंबलं. एवढी वर्षं परराष्ट्र खात्यात काढली, परक्या देशात माणूस कसा 'हो' म्हणतो आणि कसा 'नाही' म्हणतो एवढं समजायचंच मला पगार देत होते, आणि मी तुझ्या बापाच्या अंगणात बसल्यासारखा तिथे बसलो. त्यांचा न झालेला 'हो' मी आमच्या सरकारला कळवला.

इथिओपियाचा हरारी पाला आता मोगादिशूच्या बाजारात येऊ लागला आहे. आपण त्यांना हर्गेसात अडवायला निघालो होतो, त्यांनी आपलं मोगादिशू घेतलं.

आता ऐक. खात्याने मला काढून टाकलं नाही. हर्गेसाच्या कचेरीत जायला कुणी तयार नाही, म्हणून मला विचारतात, जाता का? तीन वर्षं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं. नाहीतर मी राजीनामा देतो आणि घरी येतो. मला घरीच यायचं आहे. तोंड दाखवायची लाज वाटते, तरी यायचं आहे. वाडीतल्या माणसांसमोर मान खाली घालून फिरेन, झाडं खुडेन, तू म्हणशील ते करेन. इथे खोलीत बसून मी तुझा आवाज आठवतो, ते दोनदा म्हटलेलं 'हॅलो', आणि मला दुसरं काही सुचत नाही.

तू नुसतं 'या' म्हण. सातची बस धरतो.

तुझा
मुतेथिया


मौआ, १० एप्रिल

न्कीरोतेच्या बाबांना,

फोनवर तुम्हीच होतात हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं संसार केला, तुमचा श्वास ओळखणार नाही का? मला वाटलं, तुम्हाला धीर होईल तेव्हा बोलाल. 

तुमचं पत्र बसच्या ड्रायव्हरने आणून दिलं. तो उद्या पहाटे परत जातो, म्हणून आजच लिहिते आहे.

आधी माझं ऐका. तुम्ही कुणाजवळ बोलू नकोस म्हणून बजावलं होतं. मी दोन ओळी वाचल्या म्हणून लिहिलं ते खोटं. मी अख्खी चिठ्ठी वाचली, खोक्यावर उभी राहून, 'घेतली, दोन्ही हातांनी घेतली' इथपासून. एकदा वाचून थांबले नाही. जे उशिरा आले त्यांच्यासाठी परत वाचली. मला मिरवायचं होतं. नवरा नाही, नवरा नाही म्हणून नऊ वर्षं ज्या बायांची कीव सोसली, त्यांच्यापुढे मला एकदा मिरवायचं होतं हो. आणि माझा शब्द ऐकून लोकांनी या हंगामात दुसऱ्यांची झाडंसुद्धा खंडाने खुडायला घेतली, घरचा मका काढून टाकून मिराची रोपं लावली. न्चोलो द्या ही अक्कलही माझीच. तेव्हा सगळी चूक आपल्या एकट्याच्या नावावर घेऊ नका. अर्धी माझी आहे, आणि मी ती सोडणार नाही.

परवा वडीलमंडळी आली होती. मी चहा केला. न्चुरुबीकाका सगळ्यांत शेवटी बोलले. म्हणाले, "मी जुडी बांधली तेव्हा मलाही वाटलं नाही की जगात कुणी ती हातात घेऊन गप्प बसेल."  मी विचारलं, नवऱ्याने काय करावं? एकेक जण कप खाली ठेवून उठला.

तुम्ही आलात तर इथे तुम्हाला कुणी वाईट बोलणार नाही, हे मी लिहून देते. बसायला जागा देतील, तब्येत विचारतील, आणि त्यांच्या चुली थंड आहेत हे तुम्हाला दिसेल. मग तुम्ही रोज सकाळी माझ्यासमोर जेवायला बसाल आणि घास तुमच्या घशाखाली उतरणार नाही. मला तुम्ही तसे नको आहात. मी ज्या माणसाची वाट बघितली तो जेवताना बडबड करणारा आहे.

म्हणून हर्गेसाला जा.

मी उगाच म्हणत नाही. विचार करून म्हणते. दहाबोची चिठ्ठी नैरोबीच्या एका व्यापाऱ्याच्या हाती मलाही आली. तिची बहीण हर्गेसाच्या बाजारात पाला विकते. सगळा हरारी. म्हणते, मौआचा कोंब एकदा तिथे उतरला तर निम्मं गिऱ्हाईक त्यावर जाईल, पण उतरू द्यायला कुणीतरी बोलणारा हवा. तिथल्या साहेबांना पाल्याचं काय सांगायचं, काय विचारायचं, हे कोण करणार? तुमच्या खात्यातल्या कुणी आयुष्यात मिराचं झाड पाहिलंय का? आणि समोरच्याने दोन्ही हातांनी घेतलं तरी तो 'हो' नसतो, हे आता तुमच्याइतकं कुणाला कळलंय? या वेळी तोंड उघडून विचारा. आणि उत्तर लिहून घ्या, तुम्हाला माझी शपथ आहे.

विमानं सुरू झाली की चिठ्ठ्याही सुरू होतील. नाही झाली तर न्कीरोते मला फोनवर लिहायला शिकवणार आहे, म्हणते, आई, त्यात काही अवघड नाही.

तुम्ही लिहिलंत, नुसतं 'या' म्हण. अहो, नऊ वर्षं मी रोज तेच म्हणत आले. गाई बांधताना म्हटलं, चर्चमध्ये म्हटलं, झोपेतसुद्धा म्हटलं असेन. एवढी वर्षं तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि ज्या दिवशी तुम्ही विचारलंत त्या दिवशी मलाच नाही म्हणावं लागतंय. मला तुम्ही हवे आहात. कालही हवे होतात, आत्ता लिहिताना हवे आहात. तरी येऊ नका.

हे पत्र उद्या पहाटे ड्रायव्हरच्या हातात देईन आणि लगेच घराकडे वळेन. बस सुटेपर्यंत तिथे थांबणार नाही. थांबले तर चढेन.

तुमची
कारांबू